पुडी आण म्हणणाऱ्यांनी काय बोलावं?

शाळा जूनच्या मध्यात उघडतात आणि आठ-दहा दिवसांत 26 जून येतो. राजर्षी शाहू महाराजांची जयंती आणि जागतिक अमली पदार्थविरोधी दिन एकाच तारखेला पडतात, त्यामुळे भोकरदन तालुक्यातच काय, मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांत दोन्ही एका दमात उरकले जातात. प्रतिमेला हार, प्रभातफेरी, हात पुढे करून शपथ, मग पाहुण्यांचं भाषण. भाषणात एमडी असते, कोकेन असतं, 'एकदा घेतलं की आयुष्य संपलं' असतं. पोरं टाळ्या वाजवतात आणि वर्गात जातात. या तालुक्यात राहून, पोरांच्या शिक्षणाकडे जवळून बघत आल्यानंतर माझं मत असं झालंय की या भाषणाने काही बिघडत नसेल कदाचित, पण घडत तर काहीच नाही. पोरांशी नशेबद्दल बोलायला कधी सुरुवात करावी, असं पालक विचारतात. सुरुवात केव्हाच झालेली असते. पोरगं पाच-सहा वर्षांचं असतं, घरातलं कुणीतरी त्याच्या हातावर दहाची नोट ठेवतं आणि म्हणतं, "पळ, टपरीवरून पुडी घेऊन ये." नशेविषयी घराने त्याला दिलेला तो पहिला धडा. पुढची दहा वर्षं आपण जे काही सांगू, ते पोरगं या धड्याशी ताडून बघणार आहे.

धडा किती लवकर मुरतो याचे आकडे आहेत. 2019 साली झालेल्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती, आणि धूर न काढता तंबाखू खाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी सुरुवात वयाची दहा वर्षं पुरी व्हायच्या आत केली होती. दहा वर्षं म्हणजे चौथी-पाचवी. त्या वयात पोराला कुणी वाईट संगत लावत नाही, त्या वयात त्याची संगत म्हणजे घरच. 2016-17 च्या प्रौढांच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू घेणारे सुमारे 27 टक्के निघाले, पण ओढणारे चार टक्क्यांच्याही आत. बाकी सगळा मामला चुना-तंबाखू, गुटखा, मावा आणि मिश्रीचा. शहरातल्या जाहिरातीत सिगारेटचं चित्र असतं. आपल्याकडच्या लेकराला ते परकं वाटतं, कारण त्याची आजी सकाळी मिश्री लावते आणि तिला कुणी व्यसनी म्हणत नाही. खरिपात मिरची तोडणी आणि कापूस वेचणीला गेलेल्या पोरांच्या हातात स्वतःचे पैसे येतात, आणि दुपारी बांधावर बसल्यावर मोठी माणसं तंबाखू मळताना त्यांच्याही हातावर चिमूट ठेवतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

कायद्याला मात्र वाटतं. 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं 2003 च्या कायद्याने गुन्हा आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणंही गुन्हा. 2015 चा बाल न्याय कायदा तर मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. या बंदीने आपल्या पोरांना काय शिकवलं असेल, याचा विचार व्यसनमुक्तीचं बोलणाऱ्यांनी करायला हवा. पोराने बंदी घातलेली वस्तू टपरीवर माळेसारखी लटकलेली पाहिली आहे, आणि ती थोडी महाग मिळते हेही त्याला ठाऊक आहे. 'बंदी' म्हणजे दर वाढणं, एवढाच अर्थ त्याने लावला तर त्याचा काय दोष? मग 26 जूनला पाहुणे सांगतात की अमली पदार्थ कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हे वाक्य त्याने आधीच तपासून बाजूला ठेवलेलं असतं.

भीती घालण्याचंही तसंच होतं. आपल्या भाषणांत तंबाखू, गांजा, दारू, एमडी हे सगळं एकाच वाक्यात येतं आणि सगळ्याचा शेवट एकच असतो, मरण. पोरगं घरी येतं तर आजोबा पन्नास वर्षं तंबाखू खाऊन ओसरीवर बसलेले असतात, धडधाकट. भाषणातलं एक तरी खोटं निघालं, असा हिशेब ते करतं, आणि एक खोटं तर बाकीचीही खोटीच असणार, हा त्यापुढचा हिशेब. अमेरिकेने हा प्रयोग प्रचंड खर्च करून आपल्यासाठी करून ठेवलाय. 1983 साली लॉस एंजेलिसमध्ये गणवेशातले पोलीस शाळेत जाऊन अमली पदार्थांविरुद्ध शिकवू लागले. 'डेअर' नावाचा हा कार्यक्रम पुढे तिथल्या बहुतांश शालेय जिल्ह्यांत पोचला, पालकांना आवडला, पुढाऱ्यांना त्याहून आवडला. शिकलेल्या मुलांचा दहा वर्षांनी माग काढला तेव्हा शिकलेल्यांत आणि न शिकलेल्यांत फरक सापडला नाही. नंतर 1998 पासून तिथल्या सरकारने दूरचित्रवाणीवर गांजाविरोधी जाहिरातींचा मारा केला. त्याच्या मूल्यमापनात तर असं दिसलं की ज्या मुलांनी जाहिराती जास्त पाहिल्या त्यांना 'म्हणजे बाकी सगळे घेतात की काय' असं वाटायला लागलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली मिळून काढलेल्या प्रतिबंधाच्या निकषांत निष्फळ ठरणाऱ्या गोष्टी दिल्या आहेत: एकतर्फी व्याख्यान, नुसती माहिती, भीती घालणं, पोलिसांकरवी शिकवणं, व्यसनातून बाहेर आलेल्यांची मंचावरून साक्ष. आपल्या 26 जूनची कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून कुणी लिहिल्यासारखी ही यादी आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मग बोलूच नका, उगाच पोरांना नवी माहिती कशाला? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण तो अर्धा खरा आहे. कुठला पदार्थ कसा दिसतो, काय भावाने मिळतो, घेतल्यावर काय वाटतं, हे तपशिलात सांगणं म्हणजे ओळख करून देणंच आहे. शाळेच्या प्रदर्शनात मांडलेल्या नमुन्यांनी कुणी सावध झाल्याचा पुरावा नाही. पण गप्प बसण्याचा पर्याय आपल्याला उपलब्धच नाही. पोळ्याच्या संध्याकाळी, हळदीच्या रात्री, वरातीत डीजेपुढे, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत धाब्यावर मोठी माणसं जे करतात ते सगळं लेकरांशी बोलणंच आहे. आपण तोंड मिटून घेतलं तर एवढंच होतं की त्या बोलण्याचा अर्थ लावायला पोरगं एकटं उरतं, किंवा त्याच्यासारख्याच दुसऱ्या पोराकडे जातं.

दुसरा आक्षेप गावाकडचा आहे. एमडी-बिमडी पुण्या-मुंबईकडची थेरं, आमच्या भोकरदनात कुठं काय? ऑक्टोबर 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत कोट्यवधी रुपयांचं कोकेन, केटामाइन आणि मेफेड्रोन पकडलं गेलं. मेफेड्रोन म्हणजेच एमडी. तिथे ते नुसतं विकलं जात नव्हतं, तयार होत होतं. संभाजीनगर इथून एसटीने दीड-दोन तासांवर आहे. तिथल्या पोलिसांच्या कारवायांत वरचेवर येणाऱ्या 'बटन' गोळ्या म्हणजे झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या औषधांचीच पानं. त्यांना कारखाना लागत नाही, चिठ्ठी न बघणारं एक औषधाचं दुकान पुरतं. आणि पंक्चरचं सोल्यूशन किंवा थिनर तर कुठल्याही गावात आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण मुलांत 1.17 टक्के आणि प्रौढांत 0.58 टक्के आढळलं. मोठ्यांपेक्षा लहानांत जास्त असलेली ही एकच नशा. शिवाय आपली पोरं इथे राहतात कुठं? दहावी झाली की नीटच्या शिकवणीला लातूर, भरतीच्या तयारीला संभाजीनगर, पुढे पुणे. सोळा वर्षांचं पोरगं पहिल्यांदा घराबाहेर, खोलीत चौघं, खर्चाचे पैसे फोनवर. त्या खोलीत कुणी काही पुढे केलं, तर त्या क्षणी उपयोगी पडेल असं काय आपण त्याच्या गाठीला बांधलंय?

माझ्या मते बांधायचं ते हे: खरं आणि प्रतवारी लावलेलं. सगळं सारखंच वाईट नसतं आणि वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेने वाईट असतात. तंबाखू उद्या मारत नाही. ती आधी मालक होते, मग वर्षानुवर्षं वसुली करते. गुटखा-माव्यातल्या सुपारीने तोंड आखडत जातं, पुढे दोन बोटंही आत जात नाहीत, आणि सुपारी स्वतःच कर्करोग घडवते, तंबाखू नसली तरी. थिनर किंवा सोल्यूशन हुंगणं याच्या अगदी उलट: तिथे पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकतं. झोपेची गोळी एकटी घेतली तर गुंगी येते, दारूबरोबर घेतली तर श्वास थांबू शकतो. गांजाने कुणी एका झुरक्यात मरत नाही, पण कोवळ्या वयात नेमाने ओढणाऱ्याची स्मरणशक्ती आणि अभ्यासावरचं लक्ष ढळतं, आणि काहींच्या बाबतीत भास-भ्रमाचा आजार त्यातून उफाळतो. ज्यांच्या घराण्यात असा आजार आहे त्यांना धोका जास्त. एमडीची ओढ फार लवकर लागते आणि तिच्या पुडीत नेमकं काय कालवलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. हे एवढं चौदा वर्षांच्या पोराला सरळ सांगता येतं. आजोबांचं उदाहरण त्याने दिलं तरी हे कोसळत नाही, कारण आजोबांबद्दल आपण खोटं बोललेलोच नाही.

प्रतवारी लावली की कमी वाईटाला परवानगी दिल्यासारखं होत नाही का? इथे वयाचा मुद्दा कामाला येतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत दारू प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेले आढळले. विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होतं. आधीच घरादाराने गांजलेली मुलंच लवकर सुरुवात करत असतील, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य असू शकतं. तरीही घडत्या मेंदूवर नशेचा ठसा खोल उमटतो हे आता मेंदूच्या अभ्यासकांत वादाचं राहिलेलं नाही. म्हणून पोराकडून जन्मभराची शपथ मागण्याऐवजी मुदत मागावी असं मला वाटतं. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं ही कायद्याचीच मर्यादा आहे. 'कधीच नाही' हे पंधरा वर्षांच्या पोराला पाळता येण्यासारखं वाटत नाही. 'आत्ता नाही' पाळता येतं. आणि 25 पर्यंत ज्याने हात लावला नाही, त्याला पुढे कुणी फार ओढू शकत नाही.

बोलण्याची रीत मात्र बाहेरून आणायची गरज नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनाचा अर्धा भाग प्रश्नांचा असे. बाबा विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, बाबा त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढायचे, आणि दारू आणि कर्ज यांचा संबंध लोकांच्याच तोंडून बाहेर यायचा. उपदेश स्वतःच्या तोंडून निघाला की माणूस त्याच्याशी भांडत नाही. घरी हेच करता येतं. तुझ्या वर्गात कोण कोण खातं, असं विचारलं तर ती चौकशी होते आणि पोरगं गप्प होतं. पोरं का खात असतील, असं विचारलं तर बोलतं. कुणी पुढे केलं तर नाही म्हणणं अवघड का जातं, हा तर सगळ्यात चांगला प्रश्न, कारण खरी अडचण तिथेच आहे. 2005 साली मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवण्याचा खेळ देऊन एक प्रयोग केला होता. किशोरवयीन मुलं एकटी असताना बेताने खेळत, पण शेजारी मित्र बसवले की दुप्पट धोका पत्करत; पोक्त माणसांत हा फरक पडत नव्हता. म्हणजे पोराला माहिती नसते असं नाही, चार जणांसमोर ती उपयोगाला येत नाही.

यावर आपल्या समाजाने एक तोड फार पूर्वी काढून ठेवली आहे, तिच्याकडे लक्ष जात नाही एवढंच. बैठकीत कुणी आग्रह करतं आणि समोरचा म्हणतो, "माळकरी आहे." आग्रह तिथेच संपतो. कारण विचारत नाहीत, चिडवत नाहीत, उलट त्याच्यासाठी वेगळं ताट लागतं. नकाराला मान असलेला शब्द मिळाला की नकार सोपा होतो. प्रत्येक पोराने माळ घालावी असं माझं म्हणणं नाही. ज्या घरात ती परंपरा नाही तिथे ती लादून काय उपयोग? पण सोळा वर्षांच्या पोराजवळ असं एखादं वाक्य हवं, की जे म्हटल्यावर त्याची पत जाणार नाही. भरतीसाठी पळतोय, दम लागतो. अप्पा तोंडाचा वास घेतात. उद्या क्रिकेटचा सामना आहे. घरच्यांनी खुशाल आपलं नाव बदनाम करू द्यावं: 'माझा बाप लई कडक आहे' हे वाक्य पोराने मित्रांत वापरावं म्हणून बापाने ते त्याला देऊन ठेवावं. वाक्य आधी ठरलेलं असावं, घरी दोन-चारदा हसत-खेळत म्हणून झालेलं असावं.

आता सगळ्यात अवघड आक्षेप, आणि माझ्या मते खरा. ज्या बापाची तंबाखू सुटत नाही, त्याने कोणत्या तोंडाने सांगायचं? तालुक्यात घरोघरी ही अडचण आहे, त्यामुळे बरेच बाप शिक्षकांवर ढकलतात, आणि शिक्षकांच्याही खिशात कधी पुडी असते. मला उलटं वाटतं. या विषयावर बोलायचा सर्वाधिक अधिकार त्याच बापाचा आहे, अट एकच, त्याने खरं सांगावं. कितव्या वर्षी, कुणाबरोबर सुरुवात झाली, किती वेळा सोडली, सोडल्यावर काय होतं, महिन्याला किती जातात. मंचावरच्या साक्षीने उपयोग होत नाही असं वर म्हटलंय, मग हे त्याहून वेगळं कसं? मंचावर आलेला माणूस सुटलेला असतो. टाळ्या त्याच्या सुटकेला मिळतात आणि पोरगं त्यातून एवढंच उचलतं की गेलं तरी परत येता येतं, वर सत्कारही होतो. घरातला बाप सुटलेला नाही. त्याच्या गोष्टीला विजयी शेवट नाही, म्हणून ती ऐकणाऱ्याला मोह घालत नाही. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा प्रश्न गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा होता. तिथे व्यसन हा आजार मानला गेला आणि रुग्णाला अपमानित न करता उपचार झाले. बापाने स्वतःच्या सवयीकडे त्याच नजरेने पाहिलं तर पोरासमोर बोलताना त्याची मान खाली जायचं कारण नाही. आणि निदान एक गोष्ट तो आजच करू शकतो: पुडी आणायला पोराला न पाठवता स्वतः उठून जाणं.

फक्त बोलण्याने भागत नाही, हे मलाही मान्य आहे. आइसलँड हा लोकसंख्येने आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा देश. तिथे 15-16 वर्षांच्या मुलांपैकी महिन्याभरात कधी तरी झिंगलेली मुलं 1998 साली 42 टक्के होती, 2016 साली 5 टक्के उरली. त्यांनी भाषणं वाढवली नाहीत. शाळा सुटल्यानंतरचे तास भरले, खेळ आणि संगीतासाठी पैसे दिले, आणि रात्री मुलं कितीपर्यंत बाहेर राहतील याबद्दल पालकांनी आपसांत लेखी करार केले. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे कुठला, असं म्हणणाऱ्यांनी गडचिरोली पाहावी. तिथे 1993 मध्ये लोकांच्या चळवळीतून जिल्ह्यात दारूबंदी आली, आणि ती नुसती कागदावर राहिली की काय होतं हे दिसल्यावर 2016 पासून 'मुक्तिपथ' या अभियानाने गावागावांत लोकांच्या समित्या करून दारूबरोबर तंबाखूचाही प्रश्न हाती घेतला. करार करायला पैसे लागत नाहीत. एका वस्तीतल्या वीस घरांनी एवढंच ठरवावं की कुणाच्याही लेकराला पुडी-बाटली आणायला पाठवायचं नाही, हळदीच्या रात्री अठराच्या आतल्यांच्या हातात ग्लास दिसला तर त्याच्या बापाची वाट न बघता कुणीही काढून घ्यायचा. छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून हे शक्य आहे.

नेमकी हीच ओळखदेख एका ठिकाणी उलटते. पोराने एखाद्या दिवशी खरंच सांगितलं की घेतलंय, घेतोय, सुटत नाहीये, तर पुढे काय? कायदा इथे पालकांना वाटतो तेवढा निष्ठुर नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ प्रमाणे, सेवनासाठी किंवा अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल अडकलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळते. अडतं ते दुसरीकडे. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढणारा ओळखीचा, रांगेत मागे उभी असलेली बाई भावकीतली, संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी. मुलगी असेल तर पुढे सोयरिकीपर्यंत. त्यामुळे माणसं आधी अंगारे करतात, मग मामाच्या गावी धाडतात, आणि डॉक्टरपर्यंत पोचायला दोन-तीन वर्षं लावतात. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे दोन सरकारी क्रमांक आहेत. ते शाळेच्या फलकावर लिहायला खर्च येत नाही, पण पोरगं फोन करणार कुणाच्या मोबाइलवरून, हा प्रश्न उरतो. तालुक्याच्या रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी आठवड्यातली एखादी वेळ वेगळी ठेवली, तिच्या पाटीवर 'व्यसन' हा शब्द न घालता पुरळ, अभ्यासाचा ताण, पाळीच्या तक्रारी असं सगळंच लिहिलं, आणि तिथे बसणारा समुपदेशक दुसऱ्या तालुक्यातून येणारा असला, तर त्या दारातून आत जाणारं पोरगं कशासाठी गेलं हे रांगेतल्या बाईला सांगता येणार नाही. येत्या 26 जूनला पाहुणे म्हणून वैद्यकीय अधीक्षकांना बोलवावं, आणि भाषणाऐवजी ही वेळ कोणत्या वारी ठेवता येईल एवढंच विचारावं.